आनंदीबाई दमून बसतात

रत्नागिरीच्या बंदराजवळच्या एका इस्पितळात, सन बत्तीसच्या सुमारास, बायकांच्या वॉर्डात खाटा होत्या सोळा आणि नर्स एकच, आनंदीबाई. त्या इतक्या दमत, की चालता चालता झोपत आणि खांबावर आदळल्या की त्यालाच विचारत, "शौचाला झाली का गो?" एकदा वॉर्डातल्या राहीचा ताप बघायला काढलेलं थर्मामीटर त्यांनी आपल्याच तोंडात धरलं, ताप निघाला, आणि राहीचं क्विनाईनही स्वतःच पिऊन मोकळ्या झाल्या. हे त्या सगळ्यांना हसत सांगत. वर म्हणत, "औषध वाया नाही गेलं हो, राही आपोआपच बरी झाली!"

दमतील नाहीतर काय? पाणी घाटीखालच्या विहिरीवरून आणायचं. एका रोग्यामागे आलेले चार नातेवाईक आवरायचे. त्यात सगळ्याजणींचे नवरे मुंबईला, म्हणून पत्रं बाईंनीच लिहायची, आणि लिहिताना जिच्यातिच्याबरोबर थोडं रडायचंही.

दुसरी नर्स मिळावी म्हणून त्यांनी तीन अर्ज धाडले. शेवटी मुंबईचे मोठे डॉक्टरसाहेब आगबोटीने तपासणीला यायचे ठरले.

"बाई, त्या दिवशी कशाला हात लावू नका," सुरय्या म्हणाली. पाय मोडून दोन महिने खाटेवर पडलेली ती, सगळं बघत होती. "खुर्चीत बसा, केस विस्कटून. मळक्या चादरी सायबाला दिसू देत."

"बसते गो. दमलेली दिसायला मला काय सोंग आणायला हवंय?"

आणि त्या दिवशी बसल्याही, चांगली पाच मिनिटं. पण आंजर्ल्याला त्यांच्या माहेरी पाहुणा यायचा तर अंगण सारवल्याशिवाय कुणी टेकत नसे. "निदान ही एक चादर बदलते," म्हणून उठल्या. मग दुसरी. साहेब दारात आले तेव्हा त्यांना फरशीत स्वतःच्या मिशा दिसल्या. सोळाही जणींच्या वेण्या घातलेल्या, आणि पुढे आनंदीबाई, मांडवातल्या वरमाईसारख्या ताठ.

"फार थकता, असं अर्जात लिहिलंय तुम्ही?"

होय म्हणायलाच बाईंनी तोंड उघडलं. पण पाहुण्यापुढे थकले कसं म्हणायचं? "छे हो, थकायला काय झालं! कोकमाचं सरबत घेणार ना?"

साहेब खूष झाले. दोन पेले सरबत प्यायले. "एकटीनं इतकं उत्तम? मग दुसरी कशाला? उलट आणखी सहा खाटा पाठवतो."

ते गेल्यावर सुरय्याने कपाळाला हात लावला. "आता तरी पळत जाऊन सांगा, थकलेय म्हणून!"

"सांगते गो," आनंदीबाई कपाट उघडत म्हणाल्या, "आधी त्या सहा खाटांना चादरी पुरतायत का तेवढं बघते."