कापूसवेचणीची कॅसेट

माझा भाऊ धर्मराज १९८४ साली मुंबईला टीव्हीवर साहाय्यक म्हणून लागला आणि सहा वर्षांनी शेतीच्या कार्यक्रमांचा दिग्दर्शक झाला. तिथे टेपांचा कायम तुटवडा. जुनी टेप पुसायची आणि त्यावरच नवं चित्रीकरण करायचं. दादाने वर्षानुवर्षं स्वतःचं काम असंच पुसलं. उरला एकच कार्यक्रम: जाफराबादच्या कापूस वेचणाऱ्या बायांवरचा. त्याची टेप पुसण्याआधी त्याने कॅसेट करून घेतली आणि आईसाठी घरी आणून ठेवली होती.

१९९९च्या मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपलं. एका खासगी वाहिनीने भेटीला बोलावलं, पण केलेलं काम सोबत आणा म्हणाले. दुसरं कुठलंच बोलावणं नव्हतं. कॅसेट न्यायला तो घरी आला.

"बेबे, काढ जल्दी. चारच्या गाडीनं जालन्याला जायचंय, तिथून मुंबईची रेल्वे धरायचीय," तो मला म्हणाला.

तपासायच्या वह्या मी बाजूला ठेवल्या. "दादा, तीन वर्षांमागं मामाच्या शिवकन्याच्या लग्नात तू शूटिंग केल्तंस."

"मंग? त्या व्हिडिओवाल्याचा हात हलून राह्यल्ता. सगळे म्हणले, घरचा डायरेक्टर असताना हा कशाला."

"त्याची कॅसेट संपली, तेव्हा तू आपल्या कपाटातून एक घेतलीस."

त्याने कपाटातून कॅसेट काढली.

पुसली जाऊ नये म्हणून त्या कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मी मोडून ठेवला होता. त्या खाचेवर दादाने लग्नात चिकटपट्टी लावली होती; तशी लावली की कॅसेटवर पुन्हा चित्रीकरण करता येतं. लेबल वाचलं नव्हतं. हाताला सवयच तशी. मला ते महिन्याभराने कळलं. तीन वर्षं मी त्याला सांगू शकले नाही.

"लाव," तो म्हणाला.

कार्यक्रम चोवीस मिनिटांचा होता, लग्न एक्कावन्न मिनिटांचं. खाली काही उरलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. तरी त्याने लावायला लावली. आवाज ऐकून आई येऊन बसली.

"शिवकन्याचं लगीन! कसं बराबर काढलंय माह्या लेकानं. कुठं हललं न्हाई."

अक्षता, पंगत, पाठवणी. मग पडद्यावर नुसते ठिपके. दादा तेही पाहत राहिला. मी टीव्ही बंद केला, तेव्हा साडेचार वाजले होते.

"धर्मा, तुही गाडी गेली की रे!"

"जाऊ दे. न्हाई जायचं आता."

"बरं झालं मंग. रविवारी शेजारच्या रखमाजीच्या पोराची हळद आहे. त्यायला शूटिंगवाला भेटून न्हाई राह्यला."

दादाने बूट काढले आणि खाटेखाली सारले.

"येतो म्हण त्यांना," तो म्हणाला.