बायनाबाईंच्या आवाजासाठी वायर

तेलगावच्या उत्तरेश्वरअण्णांना दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक आपल्या मनगटावरच्या घड्याळाचा अन् दुसरा आपल्या कानाचा. घड्याळाचं एक वेळ समजू शकतं. साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केलेला माणूस, त्याला मिनिटामिनिटाचा हिशेब असायचाच. पण कानाचं अतीच होतं. रस्त्यानं फटफटी गेली की अण्णा ओट्यावरून सांगणार, हिचा सायलेन्सर फुटलाय. शेजारच्यांचा पंखा लागला की सांगणार, बेरिंग गेलंय. कुणी विचारलंय का? न्हाई. पण सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नव्हता.

पुढच्या खोलीत त्यांचा साउंडचा सेट होता. कॅसेटचा डेक, ॲम्प्लिफायर अन् सुताराकडून बनवून घेतलेल्या सागवानी खोक्यांत बसवलेले दोन मोठे स्पीकर. त्याला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. समोर फरशीवर खडूची एक खूण होती, त्या खुणेवर खुर्ची ठेवायची अन् तिथंच बसून ऐकायचं, असा अण्णांचा कायदा. दुपारची जेवणं झाली की बरोबर दोन वाजता वत्सलाबाई त्या खुर्चीवर बसायच्या अन् अण्णा बाजूच्या बाजेवर. चाळीस वर्षांच्या संसारात नवराबायकोनं एकत्र बसून करायचं म्हणून काही उरलं होतं, तर ते हे ऐकणं.

कॅसेटी ढीगभर होत्या, पण वत्सलाबाईंचा जीव एकाच कॅसेटीत होता. धारूरच्या डोंगरातली त्यांची आई बायनाबाई जात्यावर बसून ओव्या म्हणते, ती कॅसेट. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या वर्षी जावईबापूंनी सासुरवाडीला टेप नेऊन ती भरली होती. बायनाबाईंना जाऊनसुद्धा वीस वर्षं झाली. त्यांचा एक धड फोटो नाही, जो आहे त्यात निम्मं तोंड पदरात गेलंय. आवाज तेवढा राहिला. जात्याची घरघर, बांगड्या, अन् सातव्या ओवीला मधेच एक कोंबडी पिठावर येते. बायनाबाई ओवी तोडून तिला एक ठेवणीतली शिवी हासडतात अन् जिथं तोडली तिथूनच पुढं गायला लागतात. त्या जागी वत्सलाबाई हसायच्या. शंभरदा ऐकलं तरी हसायच्या, अन् त्यांचं हसू बघायला अण्णा त्या वेळी मुद्दाम मान वळवून बसायचे.

श्रावणात वत्सलाबाईंना ताप आला. आठ दिवस अंथरुणावर होत्या. नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी ताप उतरला, त्या पेज पिऊन उठल्या, अन् दुपारी दोनला हट्टानं खुर्चीवर येऊन बसल्या. सातवी ओवी आली, कोंबडी आली, शिवी आली. वत्सलाबाई हसल्या नाहीत.

"कावून गं? बरं वाटंना का?" अण्णांनी टेप थांबवून विचारलं.

"बरं हाय की," त्या म्हणाल्या. "आवाज दबल्यासारखा येतोय जरा."

झालं. दुसरा कुणी असता तर त्यानं बायकोकडं बघितलं असतं. आठ दिवसांच्या तापातून उठलेलं माणूस, डोळे खोल गेलेले, चेहरा उतरलेला. पण हा पडला कानाचा बादशहा. त्यानं वायरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा एसटीनं वडवणीला सत्तार मिस्त्रीच्या दुकानी. सत्तार म्हणजे ह्या पट्ट्यातला सगळ्यात सरळ मिस्त्री अन् जिभेनं सगळ्यात तिखट. अण्णांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला, त्यात एक जण बोटाएवढी जाड, चांदीचा मुलामा दिलेली वायर दाखवून सांगत होता की ही लावा, गाणारा खोलीत येऊन बसेल.

"अण्णा, पिठलं ते पिठलं. चांदीच्या ताटात वाढलं म्हनून काय बासुंदी होतंय का?" सत्तार म्हणाला. त्यानं ब्लेड घेतलं, अण्णांनी सोबत आणलेली जुनी वायर सोलली अन् तार खरवडून दाखवली. वरून तांबूस, आत पांढरी. "हे बघा. अल्युमिनियम. वरून तांब्याचं पाणी दिलंय. लोक रंग बघून घेतेत. आतून तांबं पाहिजे, दोन्ही स्पीकरला सारखी लांब पाहिजे, टोकं घट्ट पाहिजेत. झालं. बाकी समदे नखरे."

अण्णांनी साध्या तांब्याची वायर आणली, सोलली, टोकं पिळून घट्ट बसवली. दोनला टेप लागला. "आता कसंय?"

"आता बरंय," वत्सलाबाई म्हणाल्या. पण कोंबडीला हसू आलं ते उशिरा आलं, अन् अण्णांच्या तोंडाकडं बघून आलं.

मग ते वेडच लागलं. भाद्रपदात डेकपासून ॲम्प्लिफायरला जाणारी पिनांची वायर बदलली. दसऱ्याला सगळ्या पिना स्पिरिटनं पुसल्या. दिवाळीनंतर पुन्हा एक वायर, आधीच्यापेक्षा थोडी जाड. दर वेळी वत्सलाबाई म्हणायच्या, आता बरंय. चार दिवस जायचे, अन् अण्णांना पुन्हा वाटायचं की हिच्या तोंडावर ते पहिलं काही येत नाही. मग पुन्हा वडवणी. घरात दुसरंही काही होत होतं, ते ह्या शहाण्याला दिसत नव्हतं असं नाही. कुकरच्या सात-सात शिट्ट्या व्हायच्या, डाळ तळाला लागायची. दारात दूधवाला हाका मारून निघून जायचा. "लक्ष कुठं असतं तुझं?" म्हणून अण्णा करवादायचे. त्या मान खाली घालून भांडं घासायच्या. माणसाला रस्त्यावरच्या फटफटीचा सायलेन्सर कळतो अन् चुलीपुढची बायको कळत नाही, ह्याला काय म्हणावं?

मार्गशीर्षात अण्णांनी ती चांदीची वायर पुण्याहून मागवायचं ठरवलं. सत्तारनं ते ऐकलं अन् तो म्हणाला, "थांबा. मी येतो घरी. ऐकायचं काकूंना हाय ना? मग काकूंनाच पाठ करून बसवू."

ही सत्तारची रीत होती. दुकानात कुणी वायर घ्यायला आलं की तो गिऱ्हाइकाला भिंतीकडं तोंड करून बसवायचा, मागं वायरी बदलायचा अन् विचारायचा, आता सांगा, कोणती चांगली. गिऱ्हाईक नेहमी स्वस्तातली सांगायचं. लोक डोळ्यानं ऐकतेत अण्णा, असं त्याचं म्हणणं.

गुरुवारी दुपारी सत्तार दोन वायरी घेऊन गाडीवर आला. चहा झाला. अण्णांनी खडूच्या खुणेवरची खुर्ची उलटी फिरवली अन् हातवारे करून बायकोला सगळं समजावून सांगितलं. वत्सलाबाईंनी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा सत्तारकडं. "मला कशाला बसवता, तुमचं तुमीच ऐका," म्हणाल्या. अण्णा ऐकणारे नव्हते. त्या पदर सारखा करून भिंतीकडं तोंड करून बसल्या.

पहिली वायर लागली. दोन ओव्या झाल्या. सत्तारनं पुढं होऊन त्यांच्या खांद्याला बोट लावून विचारलं, "कशी काकू?"

"चांगली हाय."

सत्तारनं दुसरी वायर लावली, पुन्हा त्यांच्या खांद्याला बोट लावलं अन् कॅसेट पहिल्यापासून सुरू केली. एक ओवी झाली, दुसरी झाली, तिसऱ्या ओवीच्या अर्ध्यात लाइट गेली. थंडीचे दिवस, पंखा बंद, दिवसा बल्ब कशाला असेल. कॅसेटचं फिरणारं चाक तेवढं थांबलं अन् खोली गप्प झाली.

अण्णांनी "गेली बघ" म्हणायला तोंड उघडलं, तर सत्तारनं त्यांचा हात धरला. वत्सलाबाईंचं बोट मांडीवर चाललं होतं. जात्याचा फेर यावा तसं, एका लयीत. मान बारीक डुलत होती. टेप बंद होता अन् बाई ऐकत होत्या. चौथी ओवी गेली असेल, पाचवी गेली असेल. दोघं बापे मागं खांबासारखे उभे. अण्णांची नजर आपसूक घड्याळावर गेली. अन् मग वत्सलाबाई हसल्या. नेमक्या त्या जागी हसल्या, एका सेकंदाचासुद्धा फरक नाही. कोंबडी आली तेव्हा हसायचं असतं, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं.

त्या वळल्या अन् म्हणाल्या, "हीच ठेवा. लई साफ येतंय."

सत्तारनं वायरी गुंडाळल्या, हत्यारं पिशवीत टाकली. गाडीला किक मारायच्या आधी तो खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, हे वायरीचं काम न्हाई. उद्याच्या उद्या बीडला न्या काकूंना." त्याचे डोळे भरले होते. तिखट माणूस, पण कच्चा.

अण्णा आत आले. वत्सलाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. अण्णा मागं उभे राहिले अन् त्यांनी हाक मारली, "वत्सला." मग थोडी मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. वत्सलाबाईंनी मान न वळवता भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. चार महिन्यांत आपण हिच्याशी नेहमी समोरूनच बोलत आलो, अन् तीच आपल्याला समोर वळवून घेत आली, हे अण्णांना तेव्हा कळलं.

बीडच्या कानाच्या डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. डॉक्टरच्या तोंडाला मास्क होता, त्यामुळं वत्सलाबाईंना ओठ बघून समजून घ्यायची सोय नव्हती. त्या नुसत्या अण्णांकडं बघत होत्या.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरनं विचारलं.

टाइमकीपरनं तारखेसकट सांगितलं. नागपंचमीनंतरचा तिसरा दिवस, दुपारचे दोन.

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताप झाला की कधीकधी कानाच्या नसेला धक्का बसतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आलात तर औषधानं बरंच परत यायची आशा असते. आता डावा पूर्ण गेलाय. उजव्यात थोडं उरलंय, मशीन लावली तर जवळचं बोलणं समजेल."

"अन् गाणं?"

"गाण्याचं मी काही सांगू शकत नाही, बाबा."

परतीच्या एसटीत वत्सलाबाई उजवीकडच्या खिडकीला बसल्या अन् अण्णा त्यांच्या डाव्या हाताला. गाडी स्टँडातून बाहेर पडली तशा त्या आपणहून बोलायला लागल्या. आवाज जरा मोठाच होता, पण त्यांना ते कळत नव्हतं.

"मला कळलं होतं वो, कान गेलेत म्हनून. भ्याले मी. आमची सावित्रीबाई आत्या भैरी होती. घरात बसलेली असायची, पण तिला कुणी काई सांगायचंच न्हाई. किती बार ओरडायचं म्हनायचे. तिचा सख्खा भाऊ गेलता, तिला दहाव्याला कळलं. तसं जिणं नको म्हनून मी बोलले न्हाई. अन् तुमी वायरी आनत होता. माझ्यासाठी एवढा खटाटोप करताय, तर कसं सांगावं? बरं वाटायचं मला."

तिचा कान तापानं नेला हे खरं, पण तो परत आणायची वेळ होती, अन् ती वेळ अण्णांनी पिना पुसण्यात घालवली होती. हे तिला सांगितल्याशिवाय तिच्या शेजारी बसायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. ते तिच्याकडं वाकून म्हणाले, "माझं चुकलं."

"आं?"

"माझं चुकलं. येळेवर आनलं असतं तर तुझा कान ऱ्हायला असता."

"काय म्हनता?"

गाडीचा खडखडाट, इंजिनाची घरघर. अण्णांनी डोळे मिटले अन् ओरडून सांगितलं. "माझ्यामुळं गेला तुझा कान. मी वायरी बदलत बसलो."

पुढच्या सीटवरची बाई मागं वळली, कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. वत्सलाबाई लाजेनं लाल झाल्या. "हळू की," म्हणाल्या. "ऐकलं मी." अन् पदर सारखा करून बाहेर बघायला लागल्या. त्यांचं ते "ऐकलं" कुठल्या जातीचं आहे, हे अण्णा त्यांच्या तोंडाकडं बघून शोधत राहिले.

वडवणीला गाडी थांबली. निम्मे लोक उतरले. उतरणारा जो तो अण्णांकडं एकदा बघून गेला. इंजिन बंद झालं, गाडीत शांतता पसरली. वत्सलाबाईंनी अण्णांचा हात धरून त्यांना उठवलं, स्वतः त्यांच्या जागेवर सरकल्या अन् खिडकीकडं, आपल्या उजव्या कानाच्या बाजूला यायची खूण केली.

"इकडं बसा. मगाशी मी खोटं बोलले. मला काईच ऐकू आलं न्हाई. आता पुन्हा खोटं बोलायचं न्हाई मी. काय म्हनत होता, सांगा."

अण्णा तिकडं जाऊन बसले. त्यांचं तोंड त्या चांगल्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. कंडक्टर दारात उभा होता, त्याला माहीत होतं. पुढच्या बाईला माहीत होतं. उतरून गेलेल्यांनाही माहीत होतं.

"काई न्हाई," अण्णा तिच्या कानाशी म्हणाले. "वडवणी आली, एवढंच म्हनलं."

वत्सलाबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी मान हलवली अन् गाडी सुटायची वाट बघत बसल्या.