मोएकांची एर्सिलिया

इटलीतल्या कियोज्जा या मच्छीमारांच्या गावात दगड भिरकावला तर तो बॉस्कोलोला लागतो, आणि नेम चुकलाच तर त्योत्सोला. आडनावं दोनच, माणसं हजारो. म्हणून इथे प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतं आणि ते सरकारी ओळखपत्रावरसुद्धा छापलेलं असतं. म्हाताऱ्या ओत्तोरिनो बॉस्कोलोचं घराणं 'मोएका', म्हणजे कात टाकलेला मऊ खेकडा. बाहेरचे हसतात. हसेनात का! टोपणनावावाचून इथे पोस्टमनलाही घर सापडत नाही.

त्याच्या मुलाला, मास्सिमोला, मात्र मिलानला राहून या नावाची लाज वाटायला लागली होती. आई पादोव्याच्या इस्पितळात वारली, तेव्हा भिंतींवर चिकटवायचं निधनाचं पत्रक त्यानेच छापून घेतलं. काळी चौकट आणि आत 'एर्सिलिया त्योत्सो, पती बॉस्कोलो'. फोटो नाही, टोपणनाव नाही.

"मयताच्या कागदावर खेकडा बरा दिसत नाही, बाबा," तो म्हणाला.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. चर्चमधली बाकंही रिकामीच राहिली. गल्लीतले चार शेजारी तेवढे आले. गावात एर्सिलिया त्योत्सो काय थोड्या आहेत? त्यातली कुठली गेली, हे कुणाला कळणार? जिने उभ्या जन्मात कुणाचं मयत चुकवलं नाही, तिला अशी गुपचूप माती दिली गेली.

ही परवाची गोष्ट. आज सकाळी मास्सिमो मिलानला परतला. जाताना म्हणाला, "घरात कोंडून घेऊ नका. छान ऊन आहे, गावातून फिरून या." म्हणून ओत्तोरिनो निघाला. त्याला अजून रडू आलं नव्हतं. दात काढल्यावर गाल होतो, तसा तो आतून बधिर झाला होता.

विगोच्या चौकात, खांबावरच्या त्या बुटक्या दगडी सिंहासमोर, देनिसचं कॉफीचं दुकान. देनिसने न विचारताच कप पुढे सरकवला.

"काका, काकू कशा आहेत? कधी आणताय घरी?"

"बरी आहे," ओत्तोरिनो म्हणाला. आणि कॉफी प्यायला.

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण बोलून गेल्यावर वाईटही वाटलं नाही. तो वेना कालव्याच्या काठाने सावकाश चालत राहिला. तळ रंगवलेल्या होड्या उलट्या वाळत घातल्या होत्या. जुना सोबती बेप्पी पाण्यातल्या होडीत इंजिनात हात घालून बसला होता. तो खालूनच ओरडला, "काय रे मोएका, बायको घरात नाही तर मोकाट सुटलास! येऊ दे तिला, सांगतोच!"

"सांग की," ओत्तोरिनो म्हणाला. "जेवायला लागली आहे आता."

दुपारपर्यंत गावभर एर्सिलियाची तब्येत सुधारली. भाजीवाल्याकडे ती उठून बसली, न्हाव्याकडे तर दोन पावलं चाललीसुद्धा. प्रत्येकजण खूश होत होता, आणि ओत्तोरिनो पुढे जात होता. खरं सांगावं, तर ती या सगळ्यांसाठी मरणार. न सांगावं, तर तिच्यासाठी कुणी रडणार नाही. हे त्याला स्पष्ट कळत होतं. कळूनही आत काही हलत नव्हतं. फक्त मासळीबाजाराच्या कमानीपाशी त्याने रस्ता बदलला, कारण आत योलांदा मासे विकते. योलांदा आणि एर्सिलिया शाळेत एका बाकावर बसलेल्या.

पण कियोज्जात रस्ता बदलून माणूस जाणार कुठे? तिन्हीसांजेला तिनेच त्याला गाठलं. दारात खुर्ची टाकून ती मटार सोलत बसली होती.

"ए, इकडे ये! तोंड चुकवतोस? देनिसकडून कळलं मला. बायको बरी होतेय आणि मला सांगायला याची जीभ झिजते!" तिने शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस. अरे, परवा काळजात धस्स झालं माझ्या. पुलाजवळ पत्रक बघितलं, एर्सिलिया त्योत्सो! मग बघते तर मोएका कुठेच नाही. म्हटलं, सुटले बाई, आपली नव्हे. कोण बिचारी होती तिच्यासाठी प्रार्थना म्हटली, आणि घरी येऊन पोटभर जेवले. देवा, माफ कर, पण जेवले."

ओत्तोरिनो बसला.

"योलांदा," तो म्हणाला, "ती आपलीच होती."

"कोण?"

"पत्रकावरची. पोराने टोपणनाव घातलं नाही. पुरलं तिला परवा. चारच माणसं होती."

योलांदाच्या मांडीवरचं भांडं कलंडलं, मटार दगडी फरशीवर चौफेर पळाले. "मी जेवत होते रे," ती म्हणाली. "तिला पुरत होते आणि मी जेवत होते!" तिने एप्रन तोंडाशी धरला आणि हंबरडा फोडला. खिडक्या उघडल्या. कुणीतरी वरून विचारलं, "कोण गेलं?" शेजारणीने उत्तर दिलं, आणि ते उत्तर खिडकीखिडकीतून गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

बायका खाली उतरू लागल्या. योलांदाने कसेबसे डोळे पुसले. "बघ ना, मीच रडत बसले. सांत्वन तुझं करायचं, ते राहिलं बाजूला."

ओत्तोरिनोने तिच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला तिचा फार हेवा वाटला.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "मला रडता येत नाहीये गं. माझ्याही वाटचं रडून घे."