शिट्टीबाईंचा स्वभाव

पोहण्याच्या तलावावरच्या मुख्य जीवरक्षक बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. त्यांचं पद राहणार की जाणार हे आज ठरायचं होतं, आणि ठरवणार कोण, तर जन्मात कधी पाण्यात पाय न बुडवलेले एक स्वभावतज्ज्ञ. हे गृहस्थ दरवर्षी यायचे. त्यांच्या चाचणीत प्रश्न दिसला की लगेच बटण दाबायचं, विचाराला वेळ नाही, म्हणून म्हणे तिला कुणी फसवू शकत नाही.

गेल्या महिन्यात तलावात एक लहान मुलगी बुडाली. शिट्टीबाईंनीच तिला वर काढलं, रुग्णवाहिका येईपर्यंत तिची छाती दाबत राहिल्या, पण पोर गेली. चौकशीत बाईंची चूक निघाली नाही. झोप मात्र उडाली ती उडालीच. अशात ही चाचणी आली. आवाजाने दचकता का? हो. माणसांत बसावंसं वाटतं का? नाही. निकाल आला: भित्री, एकलकोंडी, जबाबदारीस अपात्र.

"गेल्या वर्षी याच चाचणीत मी धीट निघाले होते," त्या म्हणाल्या.

"तेव्हा मशीनमध्ये काहीतरी गडबड असेल. स्वभाव हाडासारखा असतो, ताई. प्रसंगाने बदलत नाही," तज्ज्ञ गोड हसून म्हणाले.

तलावाच्या व्यवस्थापकांनी मान डोलावली. त्या मानेचा दुसरा काही उपयोग आजवर कुणी पाहिला नव्हता.

मग नेहमीचा खेळ सुरू झाला. चाचणी किती अचूक आहे हे दाखवायला तज्ज्ञ दरवर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर स्वतः ती देत, भिंतीवर 'निर्भय नेता' असं झळके आणि टाळ्या पडत. आज येताना चौकात एक ट्रक त्यांच्या गाडीच्या अगदी जवळून गेला होता. आल्यापासून भेटेल त्याला ते तेच सांगत होते आणि चहाचा कप हातात ठरत नव्हता. पण मिरवायची हौस दांडगी. बटणं दाबत गेले आणि भिंतीवर उमटलं: भित्रा, चिडका, निर्णय घेण्यास अपात्र.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो, सकाळचा तो ट्रक!" व्यवस्थापक घाईघाईने मदतीला धावले. "माणूस हादरतोच. साहेबांची पुढच्या महिन्यात परत घेऊ."

शिट्टीबाई उभ्या राहिल्या. या दोघांची त्यांना कीवही येईना, नुसती किळस आली.

"तुमचं हाड एका ट्रकने मोडलं? तेही तो न लागता? माझ्या हातात पोर गेली, साहेब."

तज्ज्ञांनी चष्मा पुसला, परत पुसला. "बरं, मग ताईंचीही पुढच्या महिन्यात घेऊ."

"कशाला? पुढच्या महिन्यातही ती पोर गेलेलीच असेल."

बाहेर मुलांचा वर्ग पाण्यात उतरायला खोळंबला होता. बाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि निघाल्या. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

शिट्टी कर्कश वाजली. आत तज्ज्ञांच्या हातातला चहा सांडला. बाहेर शिट्टीबाईही दचकल्या, पण त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही.