कुंपणाच्या आतलं बेट

टेकडीवरचा बांबू मूळचा तिथलाच. बाहेरून घुसलेली झुडपं उपटली तर वनखात्याला कोणी जाब विचारत नाही. घरच्याला हाकलायचं तर मात्र कारण द्यावं लागतं. ते कारण बांबूवालीने दिलं होतं.

बांबूवाली हे वनसंशोधन केंद्रातल्या संशोधिकेला सहकाऱ्यांनी पाडलेलं नाव. तिचं म्हणणं सरळ होतं. बांबू सावली धरतो, खाली पाचोळ्याची गादी अंथरतो, वाकून शेजारच्या कोवळ्या झाडाच्या खांद्यावर हात टाकतो आणि तो हात मग काढत नाही. मोठी झाडं म्हातारी होऊन पडतात, त्यांच्या जागी पोरंबाळं उभी राहत नाहीत. हे दाखवायला तिने उतारावरच्या एका तुकड्यातला बांबू तोडवला, फुटला तसा पुन्हा तोडवला, शेजारचा तसाच ठेवला. काही वर्षांत मोकळ्या तुकड्यात रोपं कमरेला लागली. शेजारी, बांबूखाली, नुसता पाचोळा. दोन्हींचे फोटो वरपर्यंत फिरले आणि सोमवारपासून सगळ्या टेकडीवर कोयते चालवायचं ठरलं.

ठरवणारी वनाधिकारी तिची सख्खी आत्या. ऑफिसात मॅडम, घरी आत्या, आणि रागावली की दोन्हीकडे मॅडम.

शुक्रवारी बांबूवाली मोकळ्या तुकड्यात गेली. त्याच्या एका कोपऱ्यात बांबूचं एक बेट उभंच होतं. त्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं, म्हणून तोडणाऱ्यांनी "हे तुम्हीच तोडा" म्हणून सोडून दिलेलं. दर वेळी ती फोटोतून तेवढा कोपरा वगळायची. आता पोळं रिकामं दिसलं, म्हणून ती पहिल्यांदाच बेटाखाली वाकली.

खाली रोपं होती. किरकोळ, फिकट, पण जिवंत. उन्हाची हौस असलेलं एकही नव्हतं. सावलीत वाढणारी मात्र दाटीने उभी.

तोच बांबू, तीच सावली, तोच पाचोळा. मग शेजारी का नाहीत? ती उठायला गेली आणि बाही तारेत अडकली.

कुंपण! मोकळ्या तुकड्यातली रोपं हरणांनी खाऊ नयेत म्हणून तिनेच घातलेलं. शेजारच्या तुकड्याला घातलं नव्हतं, कारण तिथे राखण्यासारखं काही नव्हतंच. तारेपलीकडे खुरांचे ठसे होते, लेंड्या होत्या. हरणांनी इतकी वर्षं खाल्लेलं तिने बांबूच्या नावावर घातलं होतं.

सोमवारनंतर ते बेटही उरणार नव्हतं. गप्प बसायला काही कष्ट नव्हते. ती तडक ऑफिसात गेली.

"आत्या, माझं चुकलं."

"ऑफिसात आत्या म्हणालीस, म्हणजे बरंच चुकलंय. दार लाव."

तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे बांबू निर्दोष?"

"नाही गं. उन्हाची झाडं तो उठूच देत नाही. पण सावलीतली उगवतात, ती हरणं खातात. कोणाचा वाटा किती, ते मला सांगता येत नाही. शेजारीही कुंपण घातलं असतं तर—"

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" मॅडम म्हणाल्या. "अगं बयो, माझी भाची म्हणून जगाला फोटो दाखवत हिंडले मी. आता सांगू, की ती करामत बांबू तोडण्याची नव्हती, तारेची होती?"

"तारेचीही होती. मीच सांगते सगळ्यांना."

"आणि तोडलाच बांबू, तर?"

"सावलीची रोपं उगवली तरी उन्हाने करपतील. उन्हाची येतील ती हरणं खातील. बांबू बुडख्यातून परत फुटेल."

"टेकडी बोडकी, आणि वर आपल्या दोघींचं नाव." मॅडमनी फोन उचलला. "सोमवारची तोड पुढे ढकला. शास्त्रीय कारण आहे."

पलीकडून कोणी कारण विचारलं नाही. खात्यात काम करण्याचं कारण विचारतात, ढकलण्याचं नाही.

"हं, आता तुला काय हवंय?"

"दोन नवे तुकडे. एकात बांबू ठेवून कुंपण. दुसऱ्यात बांबू तोडून, कुंपणाशिवाय."

"उत्तर कधी मिळेल?"

"पाच-सहा वर्षं तरी जातील. कदाचित दोघंही दोषी निघतील."

"तोवर मी निवृत्त!" आत्या पहिल्यांदाच हसली. "हे आधी नाही का सांगायचं?"

सोमवारी टेकडीच्या पायथ्याशी जमलेल्या तोडणाऱ्यांसमोर बांबूवालीने आपली चूक सांगितली, हरणांसकट.

"ते सगळं ठीक आहे, ताई," एकजण म्हणाला, "पण आज तोडायचंय की नाही?"

"आज खड्डे खणायचेत. खांब पुरायला," ती म्हणाली आणि कुदळ शोधू लागली.