अज्ञात सशस्त्र इसम

माझं अक्षर सुंदर आहे. स्वतःबद्दल खात्रीने सांगावं असं माझ्याकडे एवढंच आहे. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या एका लहानशा कोर्टात मी एकतीस वर्षं कारकून आहे. आमची इमारत तिकुतो नावाच्या गुंडाच्या टोळीने बळकावल्यापासून कोर्ट एका शाळेच्या दोन वर्गांत भरतं. बाकीच्या वर्गांत घरं जळालेली माणसं राहतात. माझ्या खुर्चीमागच्या फळ्यावर आठाचा पाढा अजून तसाच आहे. तो पुसावा की नाही, हेही मला ठरवता आलेलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी मेसिल्या आली. ती शाळेच्या फाटकाशी केळी तळून विकते. तिच्या हातात एक कागद होता, तेलाचे डाग पडलेला.

"मेत ओनोरा, हा वाचून दाखवा." कोर्टातल्या माणसाला इथे मानाने मेत म्हणतात.

"तुमचीच तक्रार आहे ही, फेब्रुवारीतली. तेव्हा वाचली होती की मी."

"फ्रेंचमध्ये वाचली होतीत. तीही मिशीतल्या मिशीत. मी आपली मान डोलावली नि अंगठा दिला. आता क्रेयोलमध्ये वाचा. मला कळेल असं."

माझी कानशिलं तापली. काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं.

तिचा नवरा ओदिलों गवंडी होता. घर सोडून जायला तो तयार नव्हता, म्हणून रोनेल दोर्सेनने, म्हणजे तिकुतोने, त्याला उंबऱ्यातच गोळी घातली. मेसिल्या तीन पावलांवर उभी होती. हे सगळं तिने मला नावासकट सांगितलं होतं आणि मी लिहिलं होतं, 'काही अज्ञात सशस्त्र इसमांनी.' आम्ही सगळे कारकून असंच लिहितो. तसा हुकूम कोणी दिलेला नाही. बोटांनाच सवय झाली आहे. लिहिलेला जबाब तक्रारदाराला वाचून दाखवावा असा कायदा आहे. तो मी पाळला, तिला न समजणाऱ्या भाषेत. बाईचा जीव वाचावा म्हणून असं करतो, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

"वरच्या कोर्टाने फाइल बंद केली," ती म्हणाली. "आरोपी अज्ञात! भाच्याने वाचलं तेव्हा मला कळलं. कसला अज्ञात? नाकाला शेंबूड होता तेव्हापासून माझ्या हातची केळी खातोय तो. आईचं नाव क्लोतिल्द. घर दाखवू?"

"बाई, हळू बोला."

व्हरांड्यात दहाबारा जणांची रांग होती. कडेच्या बाकावर लाल टोपीवाला एक तरुण फोन घेऊन बसला होता. त्याची काही तक्रार नव्हती. असल्यांना आम्ही अँटेना म्हणतो. इथलं बोलणं ते टोळीला कळवतात.

"हळू? ओदिलोंला काय हळू मारला?"

"नाव लिहिलं तर... तुम्ही रोज फाटकाशी बसता, म्हणून म्हणतो."

"मी कुठे बसते ते त्याला ठाऊक आहे. नाव लिहिलं नाहीत म्हणून तो मला सोडणार आहे का? मेत, भीती तुमची. ती माझ्या कागदावर कशाला लिहिलीत?"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अरे, पाणी द्या कोणीतरी मेतना! भिंतीसारखे पांढरे पडलेत." लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

मग नवा कागद घेतला. कोर्टाच्या कागदावर मी कधी क्रेयोल लिहिली नव्हती. घरच्या बोलीत लिहिताना माझं सुंदर अक्षर शाळकरी मुलासारखं वेडंवाकडं आलं. रोनेल दोर्सेन, ऊर्फ तिकुतो, आईचं नाव क्लोतिल्द. ते लिहिताना पेन दोनदा अडकलं. पेनात शाई भरपूर होती.

मी उभा राहून वाचायला लागलो.

"ऐकू येत नाही," मेसिल्या म्हणाली. "मागच्या बाकापर्यंत जाऊ दे."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तो मध्येच चिरकला, पण नाव नेमकं स्वच्छ निघालं.

लाल टोपीवाला उठून दारात आला. फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "ए म्हातारबा, नाव काय तुझं?"

अज्ञात म्हणून सांगावं, असं क्षणभर मनात आलं.

"फ्रान्सिल्यों ओनोरा," मी म्हणालो. "या कोर्टाचा कारकून. बरं झालं आलास. जबाबाला साक्षीदार लागतो आणि तू पहिल्यापासून सगळं ऐकलंयस. इथे सही कर. येत नसेल तर अंगठा चालेल."

मी शाईचा पॅड त्याच्यापुढे सरकवला.

"बघून घेईन तुला," असं म्हणत तो पायऱ्या उतरला. तो बघून घेईलच. त्याबद्दल मला शंका नाही.

"चला, मी देते अंगठा," म्हातारी पुढे आली. "ऐकलं तर मीही. मेल्याने बाकावरची जागाही रिकामी केली."

मेसिल्याने आपला अंगठा एवढा दाबला की कागद फाटतो की काय असं मला वाटलं. मग मी सही केली. एरवी मी नुसती आद्याक्षरं काढतो. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं.

"पुढे कोण?" मी विचारलं.

रांगेतल्या चौघांनी कागद वर केले. घडीवर घडी पडून मऊ झालेले जुने कागद. सगळ्यांवर माझंच सुंदर अक्षर होतं.

मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा जवळ ओढला आणि पहिल्याला म्हणालो, "सांगा. नावासकट."