बंदीचा माळ

गावात तिला सगळे हवालदारीण म्हणायचे. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि माळावर कोणाचं वासरू जरी वाकडं शिरलं तरी ती असा आवाज चढवायची की मालकाने घरबसल्या ओशाळावं. सरकारने तिला नेमलं नव्हतं. गावाने माळ राखायला घेतला तेव्हा गावानेच तिला राखणदार म्हणून निवडलं होतं.

सात वर्षांपूर्वी तो माळ म्हणजे दगडगोट्यांचं नुसतं टक्कल होतं. पाऊस वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके दिवस यायचा, आणि आला तरी उतारावरची माती घेऊन निघून जायचा. विहिरी हिवाळ्यातच तळ दाखवायच्या. मग लोकांनी एकत्र बसून ठरवलं, माळावर चराई बंद, तोड बंद. घराघरांतून एकेक माणूस कुदळ घेऊन निघाला, उताराला आडवे चर खोदले, गवताचं बी पेरलं. पहिली दोन वर्षं हसण्यावारी गेली. तिसऱ्या वर्षी गवत गुडघ्याला लागलं, पाचव्या वर्षी वाडीजवळची विहीर भर उन्हाळ्यातही आटली नाही, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

एक तोंड मात्र उघडंच राहिलं. ते तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

दादाकडे चाळीस शेळ्या. "पाणी तुम्हाला, गवत तुम्हाला, आणि माझ्या शेळ्यांनी काय दगड चावायचे?" असं तो चारचौघांत विचारायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला कोणी धड उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शेळ्या तिने माळावर पकडल्या. भाऊ म्हणून सोडल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आत शिरलं असतं. तिने त्या नियमाप्रमाणे कोंडवाड्यात नेल्या. तिथे एक गाभण शेळी मेली. तेव्हापासून दादाने तिच्याशी बोलणं टाकलं. ती समोरून आली की तो वाट बदलायचा, आणि निरोप द्यायची वेळ आलीच तर वहिनीच्या तोंडून द्यायचा.

आग लागली त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. माळाच्या पश्चिम टोकाच्या फाटकाची बिजागरी आठवड्यापूर्वी निखळली होती, ती जोडायला तिने वेल्डिंगवाल्याला बोलावलं होतं. तो टेम्पोत जनरेटर घालून आला, फाटकापाशी मांडीपर्यंत वाढलेलं वाळकं गवत बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताई, आज नको. उद्या पहाटे येतो, तेव्हा वारा पडलेला असतो."

"आजच करा," ती म्हणाली. "एवढे दिवस फाटक दोरीने बांधून ठेवलंय. उद्या सकाळी शेळ्या आत असतील."

कोणाच्या शेळ्या, हे सांगायची गरज नव्हती.

"वाऱ्यात ठिणगी आवरत नाही हो."

"दोन बादल्या जवळ ठेवा आणि करा. मी सांगते ना."

एवढं बोलून ती पूर्वेच्या टोकाला, वाडीकडच्या राखणखोलीत निघून आली. भाकरी खाऊन हात धुवायला बाहेर आली, तर फाटकाच्या दिशेला धुराची एक बारीक रेघ वर चढत होती. बघता बघता ती रेघ रुंद झाली, आडवी पडली, आणि तिच्या बुडाशी काहीतरी पिवळं हललं.

खोलीपुढे टांगलेल्या लोखंडी रुळावर तिने दगड घेऊन ठोके घातले, हात बधिर होईपर्यंत घातले. गावाला तो आवाज ठाऊक होता. लोक ओली पोती, फावडी, ओल्या फांद्या घेऊन धावत सुटले.

ती त्यांच्याही पुढे पळत होती. अर्ध्या वाटेत वेल्डिंगवाला भेटला. तोंड काळं पडलेलं, भुवया जळालेल्या.

"ताई, दोन्ही बादल्या ओतल्या. पायाने तुडवलं. आवरलंच नाही." त्याने तिचा हात धरला. "माझं नाव घेऊ नका. पोरंबाळं आहेत. गाव मला दारात उभं करणार नाही."

तेवढ्यात वरच्या अंगाच्या धुरातून शेळ्या उधळत खाली आल्या आणि त्यांच्यामागे खोकत खोकत दादा.

लोकांनी ते पाहिलं. सगळ्यांच्या मनात एकदमच एक गोष्ट आली, आणि ती पहिल्यांदा गिरणीवाल्याच्या तोंडून बाहेर पडली. तो माळाच्या समितीचा अध्यक्ष, एरवी पिठाच्या पोत्यासारखा शांत माणूस. आज त्याने जाऊन दादाची कॉलरच धरली.

"तुझ्या शेळ्यांना मिळत नाही म्हणून कोणालाच मिळू द्यायचं नाही, असंच ना?"

"हात काढ," दादा म्हणाला. "मी वरच्या खिंडीतून जात होतो, माळाच्या बाहेरून. शेळ्या धुराला भ्यायल्या, कुंपण मोडून शिरल्या."

"चोराच्या उलट्या बोंबा."

ती तिथे उभी होती. वेल्डिंगवाला तिच्या मागे उभा होता. ती एक वाक्य बोलली असती तर कॉलर सुटली असती, पण तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, आग दोन चर एका उडीत ओलांडून पुढे सरकली, आणि सगळे मागे पळाले. तिने स्वतःची समजूत घातली की ही वेळ बोलण्याची नाही. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

पाऊण तास माणसं आगीच्या तोंडाशी झगडली. फांद्यांनी झोडलं, फावड्याने माती टाकली. एका जागी विझली की दहा पावलांवर उठायची. आग वाऱ्याबरोबर पूर्वेला, थेट वाडीच्या रोखाने निघाली होती. वाडीत बावीस घरं. वाडी आणि माळ यांच्यामध्ये एक गाडीवाट होती आणि वाटेला लागून जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून दर हिवाळ्यात गवत काढून उघडा ठेवायचा पट्टा. यंदा माणसं मिळाली नाहीत म्हणून तो साफ करायचा राहिला होता. तिथेही गवत उभं होतं.

दादा गाडीवाटेवर येऊन उभा राहिला. त्याने ओंजळभर धूळ वर उडवली, ती कुठे जाते ते पाहिलं, आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "झोडून विझायची नाही ही. ती वाटेवरून उडी मारणार. तिच्या वाटेतलं खाणं आधीच संपवायला पाहिजे."

"म्हणजे?" गिरणीवाल्याने विचारलं.

"इथून, वाटेच्या कडेने, आपणच आग लावायची. वाऱ्याच्या उलट ती हळूहळू सरकेल. मोठी जवळ आली की हिला आपल्याकडे ओढून घेईल. दोघी भेटल्या की संपल्या. मागे वाटेवर माणसं उभी करा, ठिणगी पडली की मारा."

जाळरेषेच्या पलीकडचा तुकडा म्हणजे बियाण्याचा पट्टा होता, आणि आग लावली की तोही जाणार होता. आजूबाजूच्या सात गावांना तिथूनच गवताचं बी जायचं. दाणा न् दाणा बायकांनी ओंब्या खुडून निवडलेला होता.

"याच्या हातात काडी द्यायची?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "एकीकडून पेटवलं ते पुरलं नाही का?"

दादाने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "राखणदाराला विचारा," तो म्हणाला. "आगीच्या वेळी तिचा शब्द शेवटचा, असा तुमचाच नियम आहे ना? तिला सांगा, दहा मिनिटं आहेत. नंतर विचारू नका म्हणावं."

ती त्याच्यापासून चार हातांवर उभी होती.

सगळे तिच्याकडे वळले. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वारा जरा फिरला तर लावलेली आगच वाडीत शिरणार होती, आणि मग भाऊ-बहिणीने मिळून गाव जाळलं असं लोक जन्मभर म्हणणार होते. पण तिने त्याला लहानपणापासून शेरडांमागे हिंडताना पाहिलं होतं. वाऱ्याबद्दल तो कधी चुकलेला तिला आठवेना. सकाळी एका माणसाने तिला वाऱ्याबद्दल सांगितलं होतं, ते तिने ऐकलं नव्हतं.

"लावा," ती म्हणाली. "बायकांनी वाटेवर ओळीने उभं राहायचं, दर पाच पावलांवर एक. पोती ओली ठेवा. कोणाकडे काडेपेटी आहे?"

कोणाकडेच नव्हती. माळावर काडेपेटी आणायची नाही, हाही नियमच होता. गिरणीवाल्याने दादाचे खिसे चाचपले, त्यात सुतळी आणि चाकू निघाला, काडेपेटी नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून वेल्डिंगवाला पुढे आला आणि त्याने खिशातून आपली काडेपेटी काढून दादाच्या हातात ठेवली. 

दादाने मूठभर गवत पिळून त्याचा पलिता केला आणि वाटेच्या कडेने चालत निघाला. तीही दुसरा पलिता घेऊन उलट दिशेने निघाली. कडेचं गवत कंबरेपर्यंत होतं. तिने पलिता टेकवला की ते आधी नुसतं धुमसायचं, मग चुरचुर आवाज करत पेटायचं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

लहान आग वाऱ्याला तोंड देत हातभर सरके, थांबे, पुन्हा सरके. मोठी आग समोरून भिंतीसारखी येत होती. वाटेवर उष्णता इतकी की बायकांनी पदर ओले करून तोंडाला बांधले. एक ठिणगी उडून वाडीतल्या कडब्याच्या गंजीवर पडली. वहिनीने धावत जाऊन पोतं टाकलं, त्यावर स्वतः आडवी पडली, आणि वर घागर ओतून घेतली.

"येत नाहीये," गिरणीवाला पुटपुटला. "ओढत नाहीये ती."

"थांब," दादा म्हणाला.

आणि मग लहान आगीच्या ज्वाळा, इतका वेळ वाडीकडे झुकलेल्या, एकाएकी सरळ झाल्या, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि उलट्या दिशेला वाकल्या. कोणीतरी दोरी धरून ओढावी तशी ती आग पुढे धावली. दोन्ही आगी बियाण्याच्या पट्ट्याच्या मधोमध भिडल्या. मोठा हुंकार झाला, धुराचा लोट आभाळापर्यंत गेला, आणि त्याखाली जळायला काही उरलंच नाही. माणसं खाली बसली. कोणी रडलं, कोणी विनाकारण हसलं. वाडीला धक्का लागला नव्हता. माळाचा तिसरा हिस्सा आणि बियाण्याचा पट्टा गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या पत्र्याखाली सभा बसली. दादा एका कडेला बसला होता, उजवा तळहात भाजल्यामुळे फडक्यात गुंडाळलेला. काल धावून आलेल्यांचे आभार आधी मानून झाले, आणि मग जे व्हायचं होतं ते झालं. याच्या शेळ्या यापुढे गावाच्या कोणत्याही जमिनीवर फिरकू द्यायच्या नाहीत आणि पोलिसांत तक्रार द्यायची, असं एकाने मांडलं.

"त्याने वाडी वाचवली," एक बाई म्हणाली.

"ज्याने लावली त्यालाच विझवायची अक्कल असते."

वेल्डिंगवाला सगळ्यात मागे मान खाली घालून बसला होता. काल संध्याकाळी तो तिच्या दारात येऊन पाया पडून गेला होता. तिने त्याला शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. रात्रभर तिने एकच हिशेब करून पाहिला होता. लोकांनी आपापल्या मनाने दोषी ठरवलाच आहे. आपण फक्त गप्प राहायचं. खोटं बोलायचंसुद्धा नाही.

"कोणाचं म्हणणं उलट आहे का?" गिरणीवाल्याने विचारलं.

ती उठली.

"आग फाटकापाशी लागली. वेल्डिंगच्या ठिणगीने. कारागीर म्हणाला होता वारा आहे, उद्या करू. मी ऐकलं नाही. मी हट्टाने करून घेतलं."



"एवढी कसली घाई होती?" गिरणीवाल्याने हळू आवाजात विचारलं.

"दादाच्या शेळ्या अडवायची," ती म्हणाली. "गावातल्या दुसऱ्या कोणाच्या शेळ्या असत्या तर मी एक दिवस थांबले असते. काल माळावर याची कॉलर धरली तेव्हाही मला माहीत होतं. मी बोलले नाही."

मागून खुर्ची सरकली. वेल्डिंगवाला उभा राहिला. "मशीन माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "नाही म्हणून निघून जाता आलं असतं मला." आणि तो परत बसला.

मग मात्र खूप आवाज झाला. काही जण तिच्यावर तुटून पडले, आणि ते चुकीचं बोलत होते असं नाही. जिच्या शिट्टीने गाव वचकून होतं तिनेच माळ जाळला, हे पचवणं सोपं नव्हतं. तासाभराने ठरलं ते असं: राखणदारी तिच्याकडून काढून घ्यायची, नव्या पेरणीला तिने आणि वेल्डिंगवाल्याने सगळ्यांच्या आधी हजर राहायचं, आणि उन्हाळ्यात माळाजवळ ठिणगीचं कोणतंही काम करायचं नाही.

सभा उठायला लागली तेव्हा दादाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"जाळरेषेवर गवत उभं होतं," तो म्हणाला. "दर वर्षी तुम्हाला माणसं पुरत नाहीत. माझ्या शेळ्यांनी तो पट्टा आठ दिवसांत चाटूनपुसून साफ केला असता. मी हे तीन वर्षं सांगतोय."

"यंदापासून करा," गिरणीवाला म्हणाला. "जाळरेषेच्या बाहेर मात्र एक तोंड जाता कामा नये."

"ते मी बघतो."

बाहेर ऊन तापलं होतं. ती पायऱ्या उतरली तेव्हा दादा फडक्याची सुटलेली गाठ दातांनी ओढत उभा होता. तिने पुढे होऊन ती बांधली. त्याने हात मागे घेतला नाही.

"काल बोलायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"आज तरी बोललीस."

तो शेळ्यांकडे गेला आणि ती घरी.

पुढच्या पावसात माळाचा वरचा भाग पुन्हा हिरवा झाला. बियाण्याचा पट्टा मात्र दोन वर्षं नीट धरला नाही, आणि त्या दोन वर्षांत सात गावांना बी देता आलं नाही. हिवाळ्यात दादाच्या शेळ्या जाळरेषेवर चरायच्या, आणि नवा राखणदार त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचा. ती रोज सकाळी कुदळ घेऊन बियाण्याच्या पट्ट्यावर जायची. बहीण-भाऊ आता एकमेकांशी बोलत. पावसाबद्दल, वहिनीच्या गुडघ्यांबद्दल, कोणत्या चरात माती साठली त्याबद्दल. कोंडवाड्यातल्या शेळीचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.